ग्रीक जेवण पहिल्यांदाच करताय? या चुका टाळा

ग्रीक स्वयंपाकात मसाल्यांचा डबा फारसा उघडत नाही. ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण, ओरेगॅनो, पिकलेले टोमॅटो, चीज आणि कडधान्यं यांवरच बहुतेक सगळं उभं आहे. त्यामुळे एखादी गोष्ट चुकली की ती झाकायला काही उरत नाही.

घरी सर्वात जास्त बिघडतं ते झात्झिकी, म्हणजे दही-काकडीची लसूण घातलेली कोशिंबीर. नेहमीचं दही घेतलं की अर्ध्या तासात वाटीत पाणी सुटतं. श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का बांधा. काकडी किसून मीठ लावा आणि हातानं घट्ट पिळून घ्या. मग लसूण, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर, चिरलेला शेपू. फोडणी, साखर, दाण्याचं कूट यांतलं काहीही घालू नका.

सॅलडमध्ये लेट्यूस घालणं ही दुसरी चूक. गावाकडचं उन्हाळी सॅलड, म्हणजे होरिआतिकी, टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची आणि ऑलिव्हचं. फेटा या पांढऱ्या चीजची जाड वडी वर अखंड ठेवतात, चुरत नाहीत. फेटा घेताना वेष्टन वाचा. युरोपीय संघात २००२ पासून हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजला लावता येतं. त्यात किमान ७० टक्के मेंढीचं दूध असतं, उरलेलं शेळीचं. गाईच्या दुधाच्या पांढऱ्या चीजला ती आंबूस, तिखट चव येत नाही. फेटा फार खारट वाटला तर थोडा वेळ पाण्यात ठेवा.

शाकाहारी मंडळींनी खरी काळजी घ्यायची ती ताव्हेर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासात मांस, मासे, दूध, अंडी वर्ज्य; म्हणून उपवासाचे पदार्थ मागवा, असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे, पण अपुरा. त्या उपवासाला ऑक्टोपस, माकुळ, कोळंबी चालतात. तारामोसलाता हे गुलाबी मिश्रण माशांच्या अंड्यांचं असतं. द्राक्षाच्या पानांच्या डोलमादेसमध्ये कधी नुसता भात, तर कधी खिमा असतो, आणि वरच्या लिंबाच्या सॉसमध्ये अंडं. गिरोस, म्हणजे उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस, तर बहुतेक वेळा डुकराचंच. प्रत्येक पदार्थाबद्दल वेगळं विचारा, त्यात संकोच नको.

तरीही उपाशी राहायची वेळ येत नाही. लादेरा हा ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा प्रकार माझ्या मते ग्रीक स्वयंपाकातला सर्वात सुंदर भाग आहे. फरसबी, वांगी-बटाट्यांचं ब्रिआम, टोमॅटोतली भेंडी! ग्रीक गृहिणी भेंडीला व्हिनेगर लावून ठेवतात आणि शिजताना चमचा न घालता भांडंच हलवतात, म्हणजे ती चिकट होत नाही. या भाज्या कोमटच वाढतात. गार आल्या म्हणून परत पाठवू नका, मुरल्यावरच त्यांची चव खुलते. तेल जास्त दिसलं तरी निथळू नका, ते पावानं टिपून खायचं असतं.

ऊझोचा ग्लास एका घोटात रिकामा करू नका. ही बडीशेपेच्या वासाची दारू ३७.५ टक्के किंवा त्याहून कडक असते. आधी ऊझो, मग गार पाणी, शेवटी बर्फ. पाणी घालताच ती दुधाळ होते, कारण बडीशेपेचं सुगंधी तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण पाणी वाढलं की बाहेर पडतं. माल खराब नाही. सोबत ऑलिव्ह, चीज, तळलेली छोटी मासळी हवीच.

कॉफीची साखर मागवतानाच सांगा, कारण ती ब्रिकी नावाच्या छोट्या भांड्यात कॉफीबरोबरच उकळते. बिनसाखरेची स्केतोस, मध्यम मेत्रिओस, गोड ग्लिकोस. कप समोर आल्यावर ढवळू नका, गाळ खाली बसू द्या आणि तो तळाशीच सोडा.