नावाआधी ‘लॉर्ड’ लावताना या चुका टाळा

सतीबंदीच्या १८२९ सालच्या कायद्याबद्दल लिहिताना आपण सर्रास ‘लॉर्ड बेंटिंक’ म्हणतो. ते चूक आहे. तो पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचा दुसरा मुलगा. ड्यूक आणि मार्क्विस (ब्रिटिश उमरावांच्या सर्वांत वरच्या दोन पदव्या) यांच्या धाकट्या मुलांना ‘लॉर्ड’ हा मान निव्वळ शिष्टाचार म्हणून मिळतो आणि तो पहिल्या नावालाच लागतो. त्यामुळे ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ किंवा थोडक्यात ‘लॉर्ड विल्यम’ असे लिहावे. त्याची पत्नीही ‘लेडी विल्यम बेंटिंक’च.

थोरल्या मुलाचे प्रकरण जास्त फसवे. ड्यूक, मार्क्विस किंवा त्याखालचा अर्ल हयात असताना थोरला मुलगा वडिलांची एखादी दुय्यम पदवी वापरतो, पण म्हणून उमराव होत नाही. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट आणणारा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ, उमरावांना बसता न येणाऱ्या कॉमन्स सभागृहात कसा, याचे उत्तर यातच आहे. त्याचे वडील, गिल्फर्डचे अर्ल, तेव्हा जिवंत होते.

डेव्हनशरच्या घराण्यात तर डोके धरायची वेळ येते. पहिले सातही ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश! क्रमांक दिला नाही तर वाचकाने कुणाला धरायचे? वारस मुलाला ‘हार्टिंग्टन’ म्हणत, म्हणजे पिढी बदलली की माणूस बदलतो. १८८०-८२ मधला भारतमंत्री हार्टिंग्टन १८९१ मध्ये आठवा ड्यूक झाला. त्यानंतरच्या प्रसंगात त्याला हार्टिंग्टन लिहू नका. त्याला मूल नव्हते, तरी पुतण्या व्हिक्टर कॅव्हेंडिश कधीच हार्टिंग्टन झाला नाही. ही पदवी थेट वंशजाला मिळते, पुतण्याला नाही. १९०८ मध्ये व्हिक्टर एकदम ड्यूकच झाला.

आता आपल्या घरची चूक. मुंबईचे दोन गव्हर्नर एल्फिन्स्टन होते आणि दोघांची सरमिसळ नेहमीची. माउंटस्टुअर्ट (१८१९-२७) हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा धाकटा मुलगा. लॉर्ड एल्फिन्स्टन हे बॅरनच्या, म्हणजे उमरावांतल्या सर्वांत खालच्या दर्जाचे; अशांच्या मुलांना फक्त ‘ऑनरेबल’ लागते, म्हणून तो ‘लॉर्ड’ कधीच नव्हता. एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचे. खरा उमराव म्हणजे त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५७ च्या उठावाच्या वेळचा गव्हर्नर. आजचे प्रभादेवी स्थानक २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते ते या पुतण्यामुळे. हॉर्निमन सर्कललाही पूर्वी त्याचेच नाव होते.