स्मरणशक्ती राखण्यासाठी: यादी पाहण्याआधी आठवून पाहावे

विसरभोळेपणाची तक्रार करणाऱ्या अनेकांची स्मरणशक्ती शाबूत असते. किल्ली ठेवताना मन दुसरीकडे असल्यामुळे ती गोष्ट मुळात नोंदलीच गेलेली नसते. म्हणून गॅस बंद करताना किंवा दाराला कुलूप लावताना ती कृती स्वतःशी मोठ्याने उच्चारावी.

यादी लक्षात ठेवायची असल्यास ती ओळखीच्या वाटेवर मांडावी, ही युक्ती प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्तेही वापरत असत. ठाण्याहून वाशीला रोज लोकलने जाणाऱ्याला दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी हा क्रम तोंडपाठ असतो. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारातून कोथिंबीर, नारळ आणि तूरडाळ आणायची असेल, तर दिघा गावच्या फलाटावर कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग पडला आहे, ऐरोलीच्या इंडिकेटरला नारळ लटकले आहेत आणि रबाळ्याच्या जिन्यावरून तूरडाळ घरंगळत खाली येते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. चित्र जितके चमत्कारिक, तितके ते टिकते. बाजारात पोहोचल्यावर मात्र चिठ्ठी लगेच काढू नये. आधी सगळे आठवून पाहावे आणि मगच ताडून पाहावे, कारण माहिती पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ती आठवण्याच्या प्रयत्नानेच अधिक पक्की होते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो. त्यामुळे नवी माहिती त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि आठवड्याने आठवून पाहावी. दिवसभराच्या आठवणी झोपेत स्थिरावत असल्याने जागरण करून केलेले पाठांतर फारसे टिकत नाही.

शब्दकोडी सोडवण्यात गैर काही नाही, परंतु त्यांनी मुख्यतः शब्दकोडी सोडवण्याचेच कौशल्य वाढते. त्यापेक्षा मोडी लिपी किंवा तबला यांसारखे काही नव्याने शिकणे मला अधिक मोलाचे वाटते. ठाण्यातील तलावपाळीच्या काठाने रोज भरभर चालत मारलेल्या फेऱ्याही मेंदूच्या रक्ताभिसरणाला उपकारक असतात.

विसराळूपणा अचानक वाढल्यास ब 12 जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी. शाकाहारी व्यक्तींमध्ये ब 12 ची कमतरता विशेष आढळते आणि ती उपचारांनी भरून काढता येते. कमी ऐकू येत असेल, तर श्रवणयंत्र लावण्यास संकोच करू नये. घरातील ज्येष्ठ व्यक्ती रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागली किंवा तोच प्रश्न काही मिनिटांत पुन्हा विचारू लागली, तर वयाचा परिणाम म्हणून सोडून न देता तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे.