निर्वासित आणि स्थलांतरितांसाठी कला-माध्यम प्रशिक्षण : कार्यक्रम कसा उभारावा

निर्वासित आणि स्थलांतरित लोकांना चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, छायाचित्रण किंवा नाटक शिकवणारा कार्यक्रम सुरू करायचा म्हटले, की बहुतेक आयोजकांच्या मनात पहिल्याच दिवशी शेवटच्या दिवसाचे चित्र तयार असते: सभागृह भरलेले आहे, पडद्यावर कोणीतरी आपल्या पलायनाची कहाणी सांगत आहे आणि प्रेक्षक डोळे पुसत आहेत. हे चित्र आधी मनातून काढून टाकावे. प्रशिक्षणाला येणारा माणूस कसब शिकायला येतो. कहाणी तर त्याने अधिकाऱ्यांपुढे, वकिलापुढे आणि डॉक्टरांपुढे इतक्या वेळा सांगितलेली असते, की तिचे त्याला ओझे झालेले असते. म्हणून पुढील सूचनांमागे एकच क्रम गृहीत धरला आहे. आधी साधन हातात द्यावे, मग ते वापरण्याची सवय होऊ द्यावी, आणि कहाणी सांगायची की नाही, सांगायची तर कोणती, हा निर्णय अखेरपर्यंत त्या माणसाकडेच ठेवावा.

या विचाराला जुना आधार आहे. १९६७ साली कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो चित्रीकरणासाठी गेले. तेथील मच्छीमार कुटुंबांपुढे बेट सोडून दुसरीकडे वसण्याचा सरकारी प्रस्ताव होता. लो यांनी चित्रित केलेला भाग आधी त्याच लोकांना दाखवला, त्यांना नको ते वगळण्याची मुभा दिली, मग लहान लहान चित्रपट बेटावरच्या वेगवेगळ्या वस्त्यांत फिरवले, आणि त्यानंतरच ते सरकारपुढे नेले. एकमेकांशी न बोलणाऱ्या वस्त्या पडद्यावर एकमेकांचे म्हणणे ऐकू लागल्या. पुढे बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि लोक तेथेच राहिले. सहभागी चित्रीकरणाची, म्हणजे ज्यांचे चित्रीकरण होते त्यांनाच निर्णयात सामील करून घेण्याची, पद्धत रुजली ती या ‘आधी त्यांना दाखवा’ नियमातून, आणि आजही नवा प्रशिक्षक सर्वांत आधी हाच नियम मोडतो.

पूर्वतयारी

गटात कोण येणार आहे, हे कायद्याच्या दृष्टीनेही माहीत असावे लागते. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासिताचा दर्जा मिळालेली व्यक्ती, आश्रयाच्या अर्जावर निकालाची वाट पाहणारी व्यक्ती आणि कामासाठी आलेली स्थलांतरित व्यक्ती एकाच बाकावर बसत असली, तरी त्यांचे हक्क आणि धोके निरनिराळे असतात. मानधनाचा प्रश्न येथेच उभा राहतो. अनेक देशांत आश्रय-अर्जदाराला काही काळ पगारी काम करता येत नाही: युरोपीय संघाच्या २०१३च्या निर्देशाने ही मुदत जास्तीत जास्त ९ महिने ठेवली होती, २०२४च्या सुधारित निर्देशाने ती ६ महिन्यांवर आणली, तर ब्रिटनमध्ये १२ महिने थांबल्यावर मोजक्या कामांचीच परवानगी मागता येते. त्यामुळे मानधन देण्यापूर्वी स्थानिक वकिलाला लेखी विचारावे, नाहीतर चांगल्या हेतूने दिलेली रक्कम अर्जदाराच्या भत्त्यावर किंवा खुद्द अर्जावर उलटू शकते. प्रवासखर्च मात्र त्याच दिवशी, मागण्याची वेळ न आणता हातात द्यावा. महिनाअखेरीस पावत्या गोळा करून तो परत करण्याची पद्धत ज्यांच्याकडे शिल्लक असते त्यांच्यासाठीच सोयीची आहे.

गट १० ते १२ जणांचा, सत्र सुमारे अडीच तासांचे आणि कार्यक्रम ८ ते १० आठवड्यांचा असावा. लहान मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळणारे कोणी नसेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून त्या मुलांच्या माता येत नाहीत, आणि मग अहवालात ‘महिलांचा अल्प प्रतिसाद’ असे लिहिले जाते. दुभाषी निवडताना भाषा जुळणे पुरेसे नसते. एकाच भाषेचे दोन लोक एकाच युद्धाच्या दोन बाजूंचे असू शकतात, म्हणून दुभाष्याबद्दल गटाला आधी खाजगीत विचारावे. सहभागींच्या मुलांकडून भाषांतर करून घेणे पूर्णपणे टाळावे.

पहिली तीन सत्रे

पहिल्या सत्रात ‘आपली ओळख करून द्या’ असे म्हणू नये. ओळख म्हणजे कोठून आलात, कधी आलात, असे प्रश्न ओघाने येतात, आणि तपासणीच्या खोलीतले वातावरण अर्ध्या तासात तयार होते. त्याऐवजी हातांचे चित्रीकरण करावे. जोड्या पाडाव्यात, एकाने आपल्याला उत्तम येणारे कोणतेही काम करून दाखवावे, मग ते कापड शिवणे असो, सायकलची साखळी बसवणे असो किंवा केसांची वेणी घालणे, आणि दुसऱ्याने फोनने पाच दृश्ये टिपावीत: हात जवळून, चेहरा (परवानगी असेल तरच, नाहीतर पाठमोरा), संपूर्ण माणूस खोलीसह, खांद्यावरून दिसणारे काम, आणि पाचवे आपल्या मनाचे. प्रत्येक दृश्य दहा सेकंद, फोन आडवा आणि स्थिर. दहा सेकंद किती लांब असतात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. नवशिका चौथ्या सेकंदाला फोन हलवतोच, म्हणून जोडीदाराने मोठ्याने अंक मोजावेत, तेही ज्याच्या त्याच्या भाषेत. सुरू करण्यापूर्वी फोनची काच मऊ कापडाने पुसावी, पडद्यावर बोट दाबून धरून प्रकाश आणि फोकस पक्का करावा, आणि खिडकी चित्रीकरण करणाऱ्याच्या पाठीशी ठेवावी. सत्राच्या शेवटी पाचही दृश्ये जोडून भिंतीवर लावली, की पन्नास सेकंदांची चित्रफीत तयार होते, जिच्यात कोणीही आपल्या दुःखाबद्दल एक शब्द बोललेले नसते आणि तरीही बघणाऱ्याला त्या माणसाबद्दल बरेच काही कळलेले असते.

शब्दांची एक बारीक गोष्ट येथे सांगायला हवी. आपण सहज ‘शूट करा’, ‘शॉट घ्या’ म्हणतो. दुभाषी तेच शब्दशः दुसऱ्या भाषेत नेतो आणि तेथे त्याचा अर्थ गोळी झाडणे असाच होतो. ‘चित्रित करा’, ‘दृश्य घ्या’ एवढा बदल पुरेसा आहे. दिवे अचानक बंद करू नयेत, दार उघडे राहू द्यावे, आणि पहिल्या दिवशीच हात वर करून ‘थांबा’ सांगण्याची खूण ठरवून घ्यावी, जिच्यासाठी कोणालाही कारण द्यावे लागणार नाही.

दुसरे सत्र आवाजाचे. चित्र थोडे कच्चे असले तर प्रेक्षक चालवून घेतो, आवाज फुटला तर उठून जातो. फोन विमान-मोडवर ठेवून बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरावा; पंखा आणि फ्रीज बंद करावेत; ध्वनिमुद्रणाच्या पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर (तिच्यात शून्याला आवाज फुटतो) आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे; आणि शेवटी खोलीतील रिकामी शांतता एक मिनिट मुद्रित करून ठेवावी, कारण संपादनात दोन वाक्यांमधली फट भरायला तीच उपयोगी पडते. संपादनासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

तिसऱ्या सत्रात शरीराने काम करावे. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांना १९७१ साली अटक आणि छळ सोसून देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूतील साक्षरता मोहिमेत निरनिराळ्या मातृभाषांच्या लोकांबरोबर काम करताना त्यांनी शब्दांऐवजी शरीराने प्रतिमा रचण्याचा, म्हणजे प्रसंग न बोलता शरीराच्या स्थिर मुद्रांतून दाखवण्याचा, मार्ग धरला. स्वतः निर्वासित झालेल्या माणसाची ही पद्धत भाषा न जुळणाऱ्या गटात अजूनही सर्वांत कामाची वाटते. मात्र विषय आजचा घ्यावा: कार्यालयातील रांग, घरमालकाशी बोलणी, मुलाच्या शाळेतील बैठक. सीमा ओलांडण्याचा प्रसंग प्रशिक्षकाने कधीही सुचवू नये. कोणाला त्रास झालाच, तर प्रशिक्षकाने समुपदेशक होण्याचा प्रयत्न करू नये. कोणाकडे पाठवायचे, त्याचे नाव आणि वेळ पहिल्या सत्राआधीच ठरलेली असावी.

संमती आणि सुरक्षितता

संमतीपत्रावर एकदा सही घेऊन ते फाईलला लावणे म्हणजे संमती घेणे नव्हे. नवख्या देशात, नवख्या भाषेत, ज्याच्याकडून काही मदत मिळण्याची आशा आहे अशा संस्थेला ‘नाही’ म्हणणे अवघड असते. म्हणून संमती चार वेळा घ्यावी: चित्रीकरणापूर्वी, चित्रित भाग दाखवल्यावर, संपादन झाल्यावर आणि प्रत्येक नव्या प्रदर्शनापूर्वी. ती सहभागीच्या भाषेत, शक्यतो तोंडी आणि मुद्रित करून घ्यावी, आणि माघार घेतली तरी वर्गातील जागा, प्रमाणपत्र व प्रवासखर्च कायम राहील, हे त्याच दमात सांगावे.

धोका कोठून येतो, तेही नेमके समजावून सांगावे. चेहरा अस्पष्ट केला तरी आवाजावरून माणूस ओळखता येतो. मागच्या भिंतीवरचा रस्त्याचा फलक किंवा मुलाचा शाळेचा गणवेश पत्ता सांगून जातो. फोनच्या छायाचित्रात ते कोठे काढले याची नोंद दडलेली असू शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील स्थान-नोंद आधीच बंद करावी. मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांना काय भोगावे लागेल, याचा अंदाज सहभागीलाच सर्वांत चांगला असतो. आणखी एक गोष्ट फार कमी प्रशिक्षकांच्या लक्षात येते: आश्रयाच्या अर्जात एक तारीख किंवा एक क्रम नोंदवलेला असतो, आणि चित्रफितीत सोयीसाठी दोन प्रसंग एकत्र केले किंवा क्रम बदलला, तर ती विसंगती अर्जदाराच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह लावायला वापरली जाऊ शकते. अर्ज प्रलंबित असेल, तर स्वतःच्या प्रवासाची कहाणी वकिलाने पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

कहाणी करायचीच असेल तर

कोणी आपण होऊन कहाणी सांगायचे ठरवले, तर कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात आकाराला आलेली डिजिटल कथाकथनाची पद्धत उपयोगी ठरते: दोन-तीन मिनिटांची कथा, सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज आणि मोजकी छायाचित्रे. लेखन अडीचशे-तीनशे शब्दांच्या आत ठेवावे. जुनी छायाचित्रे अनेकांकडे उरलेली नसतात. तेव्हा चित्रे काढावीत, वस्तू टिपाव्यात, नाहीतर पूर्वीच्या हातांच्या दृश्यांतून घ्यावे. कथा निर्वासितपणाचीच असावी, अशी अपेक्षा शब्दांतूनही दिसू देऊ नये. विनोदी कथा, प्रेमकथा, फुटबॉलवरची तक्रार, सगळे चालते, आणि बऱ्याचदा तेच अधिक चांगले जमते.

ऑस्ट्रेलियातील ‘राइज’ ही निर्वासितांनीच चालवलेली संस्था. बाहेरून येणाऱ्या कलाकारांसाठी तिने २०१५ साली दहा मुद्दे प्रसिद्ध केले, त्यांत आमच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवू नका, असा एक मुद्दा आहे. प्रशिक्षकाने तो खरोखर मनावर घ्यावा.

उपशीर्षकांचे भाषांतर सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. एका वेळी दोन ओळी, प्रत्येक ओळ चाळीसेक अक्षरांची, एवढी मर्यादा पाळली की काटछाट करावी लागते, आणि काय कापायचे याचा शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा.

प्रदर्शन आणि त्यानंतर

पहिले प्रदर्शन फक्त गटासाठी, दुसरे घरच्यांसाठी, आणि तिसरे, सर्वांची इच्छा असेल तरच, बाहेरच्यांसाठी ठेवावे. प्रश्नोत्तरांत कोणीतरी ‘तुम्ही येथे कसे पोहोचलात?’ असे विचारणारच. सूत्रसंचालकाने तो प्रश्न शांतपणे कामाकडे वळवावा, उदाहरणार्थ, हे दृश्य इतक्या जवळून घ्यायचे तुम्ही कसे ठरवलेत, असे विचारून. श्रेयनामावलीत खरे नाव, टोपणनाव की काहीच नको, हे ज्याचे त्याने लिहून द्यावे.

प्रशिक्षणानंतर लोक कामाला लागू शकतात, याची उदाहरणे आहेत. केनियातील काकुमा छावणीत निर्वासितांनीच २००८ पासून स्वतःचे वृत्तपत्र चालवले आहे. त्यासाठी माणसे आणि साधने दोन्ही लागतात, म्हणून अर्थसंकल्प आखतानाच कॅमेरा व ध्वनिमुद्रक कार्यक्रम संपल्यावर गटाकडे राहतील, अशी तरतूद करावी, आणि पुढच्या तुकडीसाठी सहायक प्रशिक्षक याच तुकडीतून, कायद्यात बसेल तेथे पगार देऊन घ्यावेत.

राहिले कच्चे चित्रीकरण. प्रत्येकाला त्याचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर द्यावे, चित्रफीत प्रदर्शनातून काढून घ्यायची झाल्यास कोणाला कळवायचे ते त्याच्या भाषेत लिहून द्यावे, आणि संस्थेकडची प्रत कोणत्या तारखेला पुसली जाणार, हे शेवटच्या सत्रात सर्वांसमोर जाहीर करावे. ती तारीख आली, की गटातल्या दोघांना बोलावून त्यांच्यादेखत प्रत पुसावी.