खेचरांच्या तांड्याबरोबर राहून चित्रं काढायची असतील तर

पहाटे साडेचारला, कपाळावर बांधलेल्या दिव्याच्या उजेडात, आमचं पहिलं काम असायचं वजनाचं. एका खेचराचे दोन पेटारे एकेक करून ताणकाट्याला अडकवायचे. फरक अर्ध्या-एक किलोचा असेल तर चालतो. जास्त असेल तर तांदळाची पिशवी नाहीतर पिठाचा डबा इकडून तिकडे करायचा. एकूण ओझं 150 पौंडांच्या, म्हणजे साधारण 68 किलोंच्या आसपास ठेवायचं. मग पुढचं खेचर. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटायचं, हे एकदाचं उरकलं की आपण चित्राला मोकळ्या. माझं चित्राचं शिक्षण त्या काट्यापाशीच सुरू झालं होतं, हे कळायला वर्ष गेलं.

मी कोल्हापूरला चित्रकला शिकले. नवऱ्याच्या नोकरीमुळे नेवाडातल्या रीनोला आले, पुढे ग्रीन कार्ड मिळालं. त्यानंतरचे चार उन्हाळे कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या पूर्व उतारावर, बिशप आणि इंडिपेंडन्स या गावांच्या टापूत खेचरांवर सामान वाहण्याचं काम केलं. आता चित्रकलेची मुलं-मुली विचारतात, की आम्हालाही डोंगरात, रँचवर (गुरं पाळण्याच्या मोठ्या मळ्यावर) राहून चित्रं काढायची आहेत, कुठून सुरुवात करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक आठवण, कारण माझी ओढ तिथूनच आहे. आमचं गाव फलटणच्या बाजूचं. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं-घोड्यांसकट त्यांची बिऱ्हाडं, आमच्या रानातून कोकणाकडे निघायचे. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं काम बायकांचं. भांडी, वाकळा, वर कोंबड्या, एखादं कोवळं कोकरू, आणि सगळ्यांच्या वर कधी तान्हं पोरसुद्धा. ती बाई दोर अशा काही ओढीने आवळायची, की मी बांधावर बसून बघतच राहायचे. सिएरात पहिल्यांदा लादलेलं खेचर पाहिलं तेव्हा मला तीच आठवली.

या काळातही खेचरं कशाला, असा प्रश्न येतोच. 1964 साली अमेरिकेत वन्यप्रदेश संरक्षणाचा कायदा झाला. त्याखाली राखलेल्या मुलखात इंजिन चालत नाही, चाकही चालत नाही. पायवाटा दुरुस्त करणाऱ्या टोळ्या तिथे आडवी पडलेली झाडं दोघांनी ओढायच्या करवतीने कापतात. त्या टोळ्यांचं धान्य, हत्यारं, तंबू, महिनाभर चालणाऱ्यांचा शिधा, हे सगळं खेचरांच्या पाठीवरून जातं. वनखात्याच्या परवान्यावर चालणारी पॅक स्टेशनं डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता संपतो तिथे असतात. सामान नेणाऱ्या माणसाला पॅकर म्हणतात आणि एकामागे एक बांधलेल्या खेचरांच्या माळेला स्ट्रिंग. माळेत बहुधा पाच खेचरं असतात.

खेचराचा बाप गाढव, आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63, म्हणून त्याला पुढे पिल्लू होत नाही. चित्रकाराने हे मिश्रण डोळ्यांनी वाचायला शिकलं पाहिजे. नवा माणूस घोडा काढतो आणि त्याला लांब कान लावतो. ते खेचर होत नाही. खेचराचा खूर अरुंद आणि उभट असतो, खांद्याजवळचा उंचवटा बेताचा, पुठ्ठा घोड्याइतका भरीव गोल नाही. आणि कान तर सतत बोलत असतात. एक कान पुढे वाटेकडे, एक मागे तुमच्याकडे. ज्याला हट्टी म्हणतात ते जनावर खरं म्हणजे सावध असतं. जिथे पाय ठेवणं त्याला धोक्याचं वाटतं तिथे ते थांबतं, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

हे मला एका चुकीतून कळलं. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही ओनियन व्हॅलीतून, म्हणजे 9,200 फुटांवरून, किअरसार्ज खिंडीकडे चढत होतो. खिंड 11,700 फुटांच्या वर आहे. एका करड्या मादीचं ओझं मी एकटीने बांधलं होतं. घाईत बिडाचे तवे आणि डबे पेटाऱ्यात वर ठेवले, मऊ सामान तळाला गेलं, आणि पालाणाखालच्या, म्हणजे ओझं बांधायच्या खोगिराखालच्या, गादीला एक चुणी राहिली. नागमोडी वाटेच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर पालाण कलंडलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. ती मादी जागच्या जागी थांबली. पाय फाकवून, कान मागे लावून, आमचा मुख्य पॅकर पायी चालत तिच्यापर्यंत येऊन दोर सोडेस्तोवर हलली नाही. संध्याकाळी गादी काढली तर पाठ सोलवटलेली. तिला तीन आठवडे कामावरून काढावं लागलं. मला कोणी रागावलं नाही. रोज सकाळी तिची जखम धुवायचं काम मात्र माझ्याकडे आलं, आणि ते मी केलं. तिच्या पाठीचा स्नायू न् स्नायू मला त्या तीन आठवड्यांत पाठ झाला. अजूनही खेचराची पाठ काढताना माझा हात तिच्यावरूनच फिरत असतो.

म्हणून बांधणीविषयी थोडं सविस्तर सांगते. आधी खरारा करून पाठ झाडायची, एक काडी राहता कामा नये. गादी जरा पुढे ठेवून मागे सरकवायची म्हणजे पाठीवरचे केस त्यांच्या वाढीच्या दिशेने बसतात. त्यावर पालाण. सिएरात ते बहुतेक लाकडी फुल्यांचं असतं. मग तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, आवळायचा, थोडं चालवून पुन्हा आवळायचा, कारण जनावर पहिल्यांदा पोट फुगवतं. पेटाऱ्यात जड सामान तळाला आणि जनावराच्या अंगाच्या बाजूला; खडखड वाजेल असं काहीही मोकळं ठेवायचं नाही, त्या आवाजाने पूर्ण माळ बिथरू शकते. पेटारे दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी चढवायचे. वर वळकट्या, त्यावर ताडपत्री, आणि सगळ्यावरून लांब दोराची गाठ.

या गाठींतली प्रसिद्ध ती डायमंड. पोटाखालून आलेला दोर माथ्यावर एकमेकांत असा अडकवतात की ओढल्यावर वर चौकट उलगडते, पत्त्यांतल्या चौकटसारखी. एक जण या बाजूला, दुसरा पलीकडे, आणि दोर आळीपाळीने ताणायचा. शेवटचा वेढा एका झटक्यात सुटेल असाच ठेवायचा. प्रत्येक पालाणाच्या मागे बारीक सुतळीसारख्या दोराचा एक फास असतो, त्याला मागच्या खेचराचं दावं बांधतात. हा दोर मुद्दाम कच्चा घेतात. एखादं खेचर कड्यावरून गेलं तर तो तुटला पाहिजे, नाहीतर ते बाकीच्यांना ओढून नेईल. तिथे कधीही नायलॉन वापरू नका.

आता हे चित्रकाराला कशाला हवं? पहिल्या वर्षी बिशपच्या म्यूल डेजमध्ये मी दोन चित्रं मांडली होती. हा मेळा 1969 पासून भरतो, मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीत. एक म्हातारे पॅकर माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. रंग छान आहेत म्हणाले. मग दोरावर बोट ठेवून म्हणाले, "बाळ, हे ओझं पहिल्या वळणावर पडेल." मी दोर दिसायला सुंदर काढला होता, पण तो कुठून निघून कुठे जातो हे मला माहीत नव्हतं. ते चित्र मी परत घेतलं. या प्रांतातली चित्रं विकत घेणारे लोक आधी तंग बघतात, दोर बघतात, घोडा कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे ते बघतात. आकाश नंतर. चार्ल्स रसेल या माँटानाच्या चित्रकाराच्या एका चित्राचं नावच ‘व्हेन म्यूल्स वेअर डायमंड्स’ असं आहे, आणि त्यातले हिरे म्हणजे हीच गाठ.

रसेलचं आयुष्य नव्या माणसाने जरूर वाचावं. 1864 चा जन्म, सेंट लुईसचा. 16 व्या वर्षी माँटानात आला आणि जवळजवळ 11 वर्षं गुरांच्या कळपांवर राबला, बराच काळ रात्रीच्या राखणीला. रात्री जागायचं, म्हणजे दिवसाचा उजेड चित्राला मोकळा. 1886-87 च्या भयानक हिवाळ्यात मालकाने गुरांची खबर विचारली, तेव्हा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर त्याने हाडांचा सापळा उरलेलं एक जनावर आणि भोवती टपलेले लांडगे रंगवले. ते चित्र पत्रापेक्षा जास्त बोललं आणि त्याचं नाव झालं. खिशात मेणाचा गोळा ठेवून तो बोलता बोलता प्राणी घडवायचा. ही सवय मी उचलली आहे. घोड्यावर बसून चित्र काढता येत नाही, पण संध्याकाळी शेकोटीपाशी थकलेल्या बोटांनी मेण दाबता येतं, आणि दिवसभर जे बघितलं ते त्यात उतरतं.

उजेडाचा हिशोब इथे फार वेगळा आहे. ओवेन्स खोरं 4,000 फुटांवर आणि त्याच्या पश्चिमेला 14,505 फुटांच्या माउंट व्हिटनीसारखी शिखरं थेट उभी. सूर्य त्यांच्याच मागे मावळतो, त्यामुळे पूर्व उतारावर शिखरांचा खरा रंग पहाटेच मिळतो. पंधरा-वीस मिनिटं ग्रॅनाइट गुलाबी, मग केशरी, मग पांढरा. नेमकी तीच वेळ खेचरं लादायची. मी दोन वर्षं हळहळले, मग मुख्य पॅकरशी बोलून आठवड्यातली एक पहाट मागून घेतली आणि बदल्यात दोन रात्रींची भांडी घासली. असा व्यवहार उघडपणे करा. मनात कुढत काम केलं की काम बिघडतं आणि चित्रही.

सामान थोडं न्या. सहा वड्यांची जलरंगाची डबी, दोन कुंचले, तळहाताएवढे कापलेले जाड कागद, मऊ पेन्सिल. हवा इतकी कोरडी, की कोल्हापुरात शिकलेली ओल्यावर ओल्याची, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडायची, पद्धत तिथे चालतच नाही, पहिला हात फिरेस्तोवर कागद वाळलेला असतो. सप्टेंबरात पहाटे वाटीतलं पाणी गोठतं. मोठी चित्रं हिवाळ्यात, खाली येऊन, या तळहाताएवढ्या कागदांवरून करायची. फोटो काढा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. फोटोत दोराचा ताण दिसत नाही.

रात्री खेचरं चरायला मोकळी सोडतात. एका घोडीच्या गळ्यात घंटा बांधलेली असते. खेचरांना घोडीचा विलक्षण लळा, घोडी असेल तिथेच खेचरं राहतात. काहींना पायबंद घालतात. पहाटे अंधारात त्या घंटेचा कानोसा घेत त्यांना आणायला जाणं, हे मला या सगळ्या कामातलं सर्वात प्रिय. या धंद्यातले बरेच शब्द मेक्सिकोच्या स्पॅनिशमधून आलेत, तंगाला ते सिंच म्हणतात तोही. आपले लगाम, रिकीब, जीनही असेच बाहेरून घोड्यांबरोबर आलेले.

ऑक्टोबरात डोंगर बंद होतो आणि खोऱ्यातल्या रँचवर काम मिळू शकतं. उन्हाळी कुरणांवरून गुरं खाली आणायची, कुंपणं दुरुस्त करायची, पुढे वसंतात वासरांना डाग द्यायचे. या खोऱ्यातली बरीचशी जमीन लॉस एंजेलिस शहराच्या मालकीची आहे. 1913 साली पूर्ण झालेल्या कालव्याने शहराने इथलं पाणी नेलं, आणि रँचवाले आज त्याच शहराकडून जमीन खंडाने घेऊन गुरं चारतात. चित्रात जो मोकळा, इमारती नसलेला मुलूख सुंदर दिसतो, त्यामागे ही गोष्ट आहे. त्याच्याही आधी पायूट हे इथले मूळ रहिवासी लोक इथे पाट काढून जमीन भिजवत होते, आणि पुढे रँचवर गुरं राखण्यातही ते होते. तेव्हा डोक्याला पिसं लावलेला कल्पनेतला ‘इंडियन’ कृपा करून रंगवू नका. शेजारी घोड्यावर बसलेला जिवंत माणूस बघा.

पैशाचं स्पष्ट सांगते. पॅकरचा पगार थोडा, पण राहणं-जेवण असतं आणि पाहुणे बक्षिशी देतात. चित्रांचे पैसे हिवाळ्यात, आणि सुरुवातीला तेही लोकांच्या स्वतःच्या घोड्या-खेचरांची चित्रं करून. गॅलऱ्या किमतीच्या निम्म्यापर्यंत कमिशन घेतात, तेव्हा किंमत ठरवताना ते धरूनच चाला. नेवाडात एल्को गावी 1985 पासून जानेवारीच्या अखेरीस गुराख्यांच्या कवितांचा मेळा भरतो. तिथे विक्रीपेक्षा ओळखी मोलाच्या मिळतात.

मुलींनी विचारलं म्हणून: हो, बाई म्हणून हे काम जमतं. 70 पौंडांचा पेटारा ताकदीपेक्षा मांडीच्या टेकूने चढतो, तो टेकू शिकून घ्या. टाच असलेले, गुळगुळीत तळाचे बूट घ्या, खाचांचे ट्रेकिंगचे बूट रिकिबीत अडकतात. हातमोजे आणि खिशात चाकू कायम. दोर हाताला कधीही गुंडाळू नका, बोटं जातात. टुरिस्ट व्हिसावर पगारी काम तर नाहीच, नुसत्या राहण्या-जेवणाच्या बदल्यातलंही काम चालत नाही. कामाचा परवाना असेल तरच या.

माणसं हिवाळ्यातच ठरतात, म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करा, शक्य तर स्वतः जाऊन भेटा. तोवर घरी 12-13 मीटरचा सुती दोर आणा, पलंगाच्या कठड्यावर गादीची वळकटी टाका आणि डायमंड बांधा. मी स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांवर बांधायचे, नवरा पलीकडून दोर ओढायचा. अंधारात, हातमोजे घालून, न बघता बांधता आली की मग तीच गाठ कागदावर काढून बघा.