आधी केस धुवा, मग मेंदू बघू : ईईजीतल्या या चुका टाळा

"मेंदूची तपासणी आहे म्हणून रात्रीच तेल चोळून दिलं जी, डोकं थंड राहावं." ईईजी म्हणजे डोक्यावर तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायची तपासणी. ती काढणं हे माझं काम, आणि हे वाक्य मी नागपुरात आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. बोलणारी कधी आजी असते, कधी सासू. मायेने केलेलं असतं, त्यामुळे रागावताही येत नाही. माणसं गडचिरोलीहून पहाटेची एसटी पकडून आलेली असतात आणि मी त्यांना आल्या आल्या नळावर केस धुवायला पाठवते. मग केस वाळेपर्यंत सगळेच ताटकळतात.

तेलाचा एवढा बाऊ का, ते सांगते. टॉर्चमधला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाची अल्फा लहर 50 मायक्रोव्होल्टची धरली, तर ती त्या सेलच्या तीस हजाराव्या भागाएवढी. इतकी बारीक गोष्ट पकडायची आणि मध्ये तेलाचा थर! इम्पीडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोड (डोक्याला चिकटवायची धातूची चकती) यांच्यामधला विजेचा अडथळा, चढतो, वायर अँटेनासारखी वागायला लागते आणि भिंतीतल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण पडदाभर जाड पट्टा होऊन बसते.

इथे नवीन मुलं दोन शॉर्टकट मारतात. पहिला, नॉच फिल्टर, म्हणजे नेमकी ती गुणगुण गाळून टाकणारी सोय, लावायचा. पट्टा गायब, मुलगा खूश. पण इलेक्ट्रोड सैलच आहे, फक्त त्याची तक्रार बंद केलीत. दुसरा, इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट थापायची. भजीच्या पिठासारखी थापलेली पेस्ट पसरून शेजारच्या इलेक्ट्रोडला मिळाली की दोघांचा एकच होतो आणि त्या जोडीची रेघ सपाट येते. मग धावत येऊन विचारतात, "मॅडम, इथला मेंदू काम करत नाही का?"

माझी सवय अशी : शेपटीच्या कंगव्याने भांग पाडायचा, कापसावर घासायची जेल घेऊन तीन-चार वेळा घासायचं, मग वाटाण्याएवढी पेस्ट. इम्पीडन्सचा आकडा 5 किलोओहमच्या आत आल्याशिवाय रेकॉर्डच्या बटणाला हात लावायचा नाही. वीस मिनिटं गेली तर जाऊ द्या.

मोजायच्या टेपशिवाय इलेक्ट्रोड लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत 36 सेंटिमीटर भरले तर पहिली खूण 3.6 वर, पुढच्या 7.2 च्या अंतराने. चौथीचं गणित आहे. अंदाजाने लावलंत आणि डावा-उजवा सेंटिमीटरभर चुकला, तर एका बाजूच्या लहरी उगाच बुटक्या दिसतात आणि त्या बाजूला काहीतरी बिघाड असल्याची शंका रिपोर्टात शिरते.

आता माझी स्वतःची चूक. नोकरीचं दुसरं वर्ष, हॉस्पिटल कुठलं ते सोडा. आठ-नऊ महिन्यांचं बाळ, दोनदा अंग ताठ झालं म्हणून आणलेलं. काही केल्या झोपेना. आईने कुशीत घेतलं, थोपटायला लागली आणि पाच मिनिटांत ते झोपलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढच्या पेशंटचे फॉर्म भरत बसले. तेव्हा सोबत व्हिडिओ नसायचा. फाईल रिपोर्टसाठी दुसऱ्या शहरात जायची. रिपोर्ट आला : डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दोन-तीनच्या लयीतल्या लहरी, झटका चालू असण्याची शंका. औषध सुरू झालं आणि बाळ दिवसभर गुंगीत राहायला लागलं. आमच्या सरांना काही पटेना, त्यांनी ईईजी पुन्हा काढायला लावला आणि स्वतः खोलीत उभे राहिले. लहरी आल्या. सर म्हणाले, "ताई, जरा हात थांबवा." लहरी थांबल्या. "आता थोपटा." पुन्हा आल्या. मग त्यांनी माझं रजिस्टर मागितलं. आधीच्या तारखेपुढे मी एकच शब्द लिहिला होता : 'झोपेत'.

तेव्हापासून मी सगळं टिपते. खोकला, उचकी, डोळे उघडले, आजोबांनी दात खाल्ले, आई थोपटते. लयीत काही दिसलं की आधी पडदा नाही, पेशंट बघते. आताच्या मुलांना व्हिडिओ असतो, म्हणून ती काहीच टिपत नाहीत. आणि कॅमेऱ्यात नेमकी आईची पाठ येते!

जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, ते पूर्ण तीन मिनिटं. दीड मिनिटाला कंटाळून "बस" म्हणू नका. लहान मुलांच्या हातात मी कागदाची भिंगरी देते. ॲबसेन्सचा, म्हणजे काही सेकंद भान हरपण्याचा, झटका आला तर फुंकर मध्येच थांबते, नजर हरवते, भिंगरी मंदावते आणि पडद्यावर सेकंदाला तीनच्या लयीत स्पाइक-वेव्ह (एक टोकदार लहर आणि तिच्यामागे एक रुंद) धावतात. मात्र फुंकायला लावण्याआधी सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, विचारा. आमच्या विदर्भात हा प्रश्न विसरून चालत नाही. त्या पेशंटला हे करायचंच नाही. नुकताच पक्षाघात झालेल्यांनाही नाही.

बाकीचं पटापट. उपाशी येऊ नका, साखर उतरली की लहरी मंदावतात. जागरण सांगितलं असेल तर खरंच जागा. बसमध्ये चार तास झोपून येऊन "रात्रभर जागलो" म्हणू नका. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, एक वेळसुद्धा नाही. आणि नाही, आम्ही करंट देत नाही. मशीन फक्त ऐकतं.

रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून पेढे वाटून गोळ्या सोडणारे मी पाहिले आहेत. फिट येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांच्याच पहिल्या ईईजीत काही सापडतं. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये मेंदू शांत होता, एवढाच त्याचा अर्थ. उलट बाजूही आहे : नुसतं डोकं दुखतं म्हणून ईईजी काढून घ्यायचा हट्ट धरू नका. त्यात एखादी निरुपद्रवी टोकदार लहर निघते आणि धडधाकट माणसाला फिटचा शिक्का बसतो. तो पुसायला वर्षं जातात, लग्न ठरायच्या वयातल्या मुलीला तर विचारूच नका.

तपासणी झाली की केसातली पेस्ट कोमट पाण्याने निघते. मग लावा तेल, हवं तेवढं.