मुलांसाठी विनोदी फँटसी लिहायचीय? आधी जादूला अट घाला

८ ते १२ वर्षांच्या पोरांसाठी, म्हणजे प्रकाशनवाले ज्याला मिडल ग्रेड म्हणतात त्या वयासाठी, मजेशीर जादूची गोष्ट लिहायला बसलं की एक चूक हमखास होते आणि ती मीपण केली, जोक आधी सुचतात आणि गोष्ट त्यांच्या मागे फरफटत येते. माझ्या पहिल्या खर्ड्यात दर चार ओळींना एक कोटी होती. नऊ वर्षांच्या भाचीला वाचून दाखवलं, ती गप्प. मग म्हणाली, "मामा, पण त्या मुलाला हवंय काय?"

तर तिथूनच सुरुवात करा. हिरोला काहीतरी मनापासून हवं असलं पाहिजे, हसू आपल्याला येतं, त्याला नाही. वय वाचणाऱ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी जास्त ठेवा, कारण पोरांना आपल्यापेक्षा लहान हिरो सहसा चालत नाही. आईबाबांना लवकरच कुठेतरी अडकवून टाका (मारायलाच पाहिजे असं नाही हो), मोठी माणसं हाताशी असली की तीच सगळं निस्तरतात आणि साहस खलास.

आता जादू. तिला एकच अट घाला आणि कितीही मोह झाला तरी ती मोडू नका, सगळी गंमत त्या अटीतच असते. माझ्या गोष्टीतलं दार खरं बोललं की उघडतं, आणि सांगायला जितकं जड तितकं जास्त उघडतं. मागून राक्षस येतोय. पोरगा ओरडतो, "मी आज दात घासले नाहीत!" दार बोटभर सरकतं. "गणिताचा पेपर मी लपवून ठेवलाय!" वीतभर. राक्षसाचा श्वास मानेवर यायला लागतो, बहीण शेजारीच उभी, शेवटी तो डोळे घट्ट मिटून म्हणतो, "ताई, तुझी डायरी मीच वाचली." दार धाडकन उघडतं, आणि ताई आत पळायचं सोडून याच्याकडेच बघत राहते. भाची फिसकन हसली आणि लगेच, "मग ती बोलते का त्याच्याशी?"

राक्षस कितीही येडा दाखवा, त्याला लोकांचं शुद्धलेखन तपासायची खोड लावा, पण तो खरंच गिळू शकतो हे एकदा तरी दिसू दे, नुसत्या बावळटाला कोण घाबरणार. शी-शूचे जोक एक-दोन चालतात, जास्त झाले की पोरंच कंटाळतात. उपदेश दिसला की काट मारा. इंग्रजीत अशी पुस्तकं साधारण ३० ते ५० हजार शब्दांची असतात, पण आपण आकडा धरून बसायची गरज नाही, प्रकरणं छोटी ठेवा आणि संकट सुटायच्या जरा आधी तोडा.

आणि मोठ्यानं वाचून बघा. 'ॲलिस इन वंडरलँड'ची गोष्टसुद्धा तिच्या लेखकानं, लुईस कॅरलनं, आधी १८६२ मध्ये होडीत तीन बहिणींना तोंडी सांगितली होती, पुस्तक १८६५ मध्ये आलं. वाचताना काही विचारू नका, "आवडलं" असंच उत्तर येतं. पोरगं जिथे उशीशी चाळा करायला लागेल तिथे गुपचूप पेन्सिलची खूण करा. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात ११ खुणा निघाल्या, त्यातल्या ९ माझ्या सगळ्यात लाडक्या जोकवर.