सांगलीच्या गच्चीवर स्ट्रॉबेरी, येते की

स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, मग तसली थंडी आणि लाल माती आपल्याकडं कुठनं आणायची म्हणून बरेच जण नाद सोडून देतात. पण तिकडचे शेतकरी पण दरवर्षी नवीन रोपं लावतात, म्हणजे हे एका हंगामाचं पीक, आणि ऑक्टोबर ते मार्च एवढा हंगाम सांगली, मिरज, कराडला पण मिळतो. घरच्या कुंड्यांना तेवढा बास.

बियांच्या भानगडीत पडू नका. ऑनलाइन निळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया विकतात ती तर सरळ फसवणूक आहे. वाई-पाचगणी भागातल्या नर्सरीत सप्टेंबर-ऑक्टोबरला रनरची रोपं (मूळ झाडाला फुटणाऱ्या लांब वेलीसारख्या फांद्यांवर तयार झालेली) मिळतात, तीच आणायची. विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली जातीची मागा, ह्या लवकर येतात आणि आपली थंडी लवकर संपते. कॅमारोसाला जरा वेळ लागतो.

नदीकाठची काळी माती एकटी वापरू नका, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळ खत सारख्या प्रमाणात घ्या आणि मूठभर निंबोळी पेंड टाका. कोकोपीट आधी दोनदा साध्या पाण्यात धुवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. टोमॅटो, वांगी, मिरचीची जुनी माती पण नको, मर रोग तिथनंच येतो. आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप, आणि पाच-सहा तास ऊन लागतंच.

आता लावताना खरं काम आहे ते इथं. रोपाच्या मधोमध जिथनं पानं फुटतात तो गड्डा बरोबर मातीच्या लेव्हलला आला पाहिजे, खाली गाडला गेला तर कुजतो, जास्त वर राहिला तर मुळं उघडी पडून वाळतात. लावून पाणी घातलं की माती खाली बसते, त्यामुळं पाणी जिरल्यावर परत एकदा बघायचं, गड्ड्यावर माती आली असेल तर बोटानं बाजूला करायची, मुळं दिसत असतील तर भर घालायची. सुरुवातीच्या पंधरा-वीस दिवसात फुलं आली तर खुडून टाका, जीव होत नाही माहितीय, पण आधी मुळं धरू देत.

आपल्याकडं थंडीपेक्षा पाणी जास्त त्रास देतं. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात चालत नाहीत. ज्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो ते घातलं की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पाणी खारं असेल तर कडा पण करपतात. नळाचं पाणी घाला, रोज थोडं, सकाळी, आणि पानांवर न ओतता बुडात.

वरनं मल्चिंग पेपर (मातीवर अंथरायचं प्लास्टिक) कशाला, उसाचं पाचट मिळतंय की. कोरडं बघून बारीक तोडा आणि पानांखाली पसरा, फळ ओल्या मातीला टेकलं की बुरशी येते, ते वाचतं.

गच्चीवर मधमाशा कमी येत असतील तर फुलं उमलल्यावर मऊ ब्रश फुलाच्या मध्यावर गोल फिरवा, नाहीतर फळं वेडीवाकडी धरतात. फूल ते फळ साधारण महिनाभर. लाली चढली की बुलबुल हजर, त्याच्या आधीच जाळी बांधा. पानामागं बारीक जाळं आणि ठिपके दिसले तर लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पानं उलटी करून पाण्याचा फवारा मारा, नंतर संध्याकाळी नीम तेल.

फळ पूर्ण लाल झाल्यावरच देठासकट तोडा, अर्धं पांढरं तोडून ठेवलं तर रंग जरा बदलेल पण गोडी काय वाढत नाही. मार्चएंडला फळं बारीक व्हायला लागतात आणि रनर सुटतात. ते सावलीत जगवता येतात, पण आपल्या एप्रिल-मेला त्यांना सांभाळत बसण्यापेक्षा मी म्हणेन रोपं काढा आणि ती माती झेंडूला वापरा.